गीतेनंतरचा अध्याय

रायपूरच्या शंकर नगरात एका स्नेह्यांच्या घरी दर पंधरवड्याला आम्ही पाच-सात मराठी माणसे जमतो. बहुतेक जण सरकारी नोकरीतले; कोणी बदलीवर आलेले, कोणी बदल्या भोगता भोगता इथेच निवृत्त होऊन घर बांधून राहिलेले. चहा होतो, गावाकडच्या बातम्या होतात, कोणाची पदोन्नती अडली आणि कोणाची निघाली याची उजळणी होते, आणि मग आमच्यापैकी एक जण महाभारताचे मराठी भाषांतर मोठ्याने वाचतो. गेल्या पावसाळ्यात सभापर्व चालले होते. द्यूताच्या प्रसंगाशी वाचन आले तेव्हा पुस्तक मिटले गेले आणि नेहमीप्रमाणे भीष्मांवर चर्चा सुरू झाली. आमच्यातले एक वयोवृद्ध गृहस्थ म्हणाले, “काही म्हणा, पण भीष्मांनी निदान खरे ते सांगितले. आपण कौरवांच्या पैशाने बांधले गेलो आहोत, असे भर सभेत द्रौपदीला ऐकवायला छाती लागते.” सर्वांनी माना डोलावल्या. मीही डोलावली.

रात्री घरी आल्यावर तो मजकूर पुन्हा एकदा वाचावा म्हणून सभापर्व उघडले. तो तेथे नव्हता. द्यूताचा भाग चाळला, अनुद्यूताचा चाळला, नाहीच. भीष्मांची ती कबुली महाभारतात आहे, पण ती भीष्मपर्वात. द्यूतानंतर तेरा वर्षे उलटून गेल्यावर, कुरुक्षेत्रावर दोन्ही सैन्ये समोरासमोर उभी असताना भीष्म ते बोलतात, आणि बोलतात युधिष्ठिराशी. जिने प्रश्न विचारला होता, तिच्यापर्यंत हे उत्तर कोणी पोहोचवल्याचे व्यासांनी लिहिलेले नाही.

एवढ्याशा चुकीचे एवढे काय, असे कोणी म्हणेल. मलाही प्रथम तसेच वाटले. परंतु झोप येईना, आणि मग लक्षात आले की ही विसराळूपणाची चूक नव्हे. तेरा वर्षांनंतरचे वाक्य आम्ही सर्वांनी मिळून तेरा वर्षे अलीकडे ओढून आणले होते. ते सभेत असावे, ही आमची गरज होती. पगारावर पोट असलेल्या माणसाला असा एक भीष्म हवा असतो, जो अन्यायाच्या क्षणी काही करू शकत नाही. परंतु त्याच क्षणी, त्याच ठिकाणी, आपल्या दुबळेपणाची स्वच्छ कबुली देतो. तसा भीष्म सापडला की आपलेही बरेचसे भागते. व्यासांनी तसा भीष्म लिहिलेला नाही.

महाकाव्ये आणि कादंबऱ्या लक्षपूर्वक वाचल्याने जीवनाविषयी काय कळते, या प्रश्नाची चर्चा आपल्याकडे फार जुनी आहे. तिचे ठरलेले उत्तर असे की ग्रंथ वाचावा आणि त्याचे तात्पर्य काढावे. रामासारखे वागावे, रावणासारखे वागू नये. शाळेत हे उत्तर पुरते. प्रौढ वाचकाला ते पुरत नाही, कारण कोणी रावणासारखे वागायला निघालेलाच नसतो. उलट दुसरा पक्ष म्हणतो की कलेचा आणि आचरणाचा काही संबंधच नाही. आस्वाद घ्यावा आणि स्वस्थ बसावे. मला या दोन्ही पक्षांशी वाद घालावयाचा नाही. शंकर नगरातल्या त्या रात्री जे घडले तेवढ्याच्या आधारे मी इतकेच म्हणेन की, लक्षपूर्वक वाचणाऱ्याला पहिल्यांदा कळते ते हे की आपण काय चुकीचे लक्षात ठेवले आहे; आणि ते कोणाच्या सोयीसाठी, याचाही पत्ता मग फार लांब नसतो.

आता सभेतच परत जाऊ, कारण प्रत्यक्ष सभा आपल्या आठवणीतल्या सभेपेक्षा पुष्कळ अधिक गजबजलेली आहे. आपल्याला दुःशासन आठवतो. परंतु दुःशासनाच्या आधी द्रौपदीला आणायला दुसरी माणसे सांगून झाली होती. प्रथम दुर्योधनाने विदुराला आज्ञा केली. विदुराने ती मानली नाही, उलट त्यालाच सुनावले. मग प्रातिकामी नावाचा एक सूत पाठवला गेला. हा प्रातिकामी म्हणजे महाभारतातला पट्टेवाला. त्याच्या हातात काही नाही, निरोप न्यायचा आणि आणायचा. तो अंतःपुरात जातो, निरोप सांगतो, आणि द्रौपदी येण्याऐवजी प्रश्न परत पाठवते: राजाने आधी स्वतःला पणाला लावून घालवले की आधी मला? प्रातिकामी तो प्रश्न जसाच्या तसा सभेत येऊन विचारतो. विचार करा, एवढ्या मोठ्या दरबारात हा प्रश्न प्रथम उच्चारला गेला तो सर्वांत खालच्या नोकराच्या तोंडून. युधिष्ठिर निपचित बसून राहतो. दुर्योधन म्हणतो, तिला इथे येऊन विचारू दे. पुन्हा जाण्याची वेळ येते तेव्हा प्रातिकामीचा पाय अडखळतो. मी तिला काय सांगू, असे तो दुर्योधनाच्या देखत सभेलाच विचारतो. तेव्हा कुठे, हा भीमाला भितो असे म्हणून दुर्योधन दुःशासनाला उठवतो. एका पट्टेवाल्याने काही क्षण का होईना पण आज्ञा लांबवली, ही गोष्ट मी आयुष्यात तीन वेळा महाभारत वाचूनही पाहिली नव्हती. यावरून माझे वाचन कोणत्या दर्जाचे होते ते कळून यावे.

मग भीष्म बोलतात. ते काय बोलतात हे आपल्यापैकी ज्यांनी टिपण्या लिहिण्यात आयुष्य घालवले त्यांनी तरी नीट वाचावे. जो स्वतःच दास झाला त्याला दुसऱ्याचे काही पणाला लावता येत नाही, ही एक बाजू. पत्नी नेहमीच पतीच्या अधीन मानली जाते, ही दुसरी बाजू. धर्माची गती सूक्ष्म असल्यामुळे निश्चित काही सांगता येत नाही, हा निष्कर्ष. अशी टिपणी कोणत्याही कचेरीत आजही निर्दोष ठरेल. दोन्ही नियम उद्धृत केले आहेत, कोणाचा अधिक्षेप नाही, आणि निर्णय वरिष्ठांकडे. तिच्यात खोटे काही नाही, हेच तिचे भयंकरपण. भीष्मांना त्या क्षणी अडवणारी गोष्ट धर्माची सूक्ष्मता होती की आणखी काही, हे त्यांनी तेव्हा सांगितले नाही. ते सांगायला तेरा वर्षे लागली.

त्या सभेत धर्म इतका सूक्ष्म होता काय? धृतराष्ट्राचाच एक धाकटा मुलगा, विकर्ण, उठून उभा राहतो आणि चार कारणे देऊन सांगतो की द्रौपदी जिंकली गेलेली नाही. पण व्यसनात बुडालेल्या माणसाने लावला; ती पाचांची पत्नी, एकाची नव्हे; लावणारा आधीच स्वतःला हरला होता; आणि तिचे नाव शकुनीने सुचवले. कर्ण त्याला पोर म्हणून गप्प करतो. वकिली मुद्द्याला वयाने उत्तर देण्याची रीत इतकी जुनी आहे.

यानंतर विदुर प्रल्हादाची कथा सांगून एक हिशेब मांडतो, तो तर मला संपूर्ण सभापर्वातला सर्वांत निष्ठुर भाग वाटतो. जेथे निंद्य कर्माची निंदा होत नाही, तेथे पापाचा अर्धा भाग सभेच्या प्रमुखाला, चौथा भाग करणाऱ्याला आणि उरलेला चौथा भाग बसून राहिलेल्या सभासदांना. म्हणजे दुःशासनाच्या वाट्याला जितके, तितकेच गप्प बसलेल्यांच्या वाट्याला. आणि आंधळ्या धृतराष्ट्राच्या वाट्याला त्या दोघांच्या बेरजेइतके. हा हिशेब ऐकूनही कोणी राजा तोंड उघडत नाही.

येथे एका मोठ्या ग्रंथकार्याचा उल्लेख केला पाहिजे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. १९२५ पासून तिचे मुख्य संपादक असलेले विष्णु सीताराम सुखटणकर हे मूळचे केंब्रिजचे गणिती, आणि १९४३ मध्ये ते वारले तेव्हा काम अर्धेही झाले नव्हते. ते १९६६ मध्ये पुरे झाले. बाराशेंहून अधिक हस्तलिखिते ताडून पाहून सिद्ध केलेल्या या आवृत्तीतील सभापर्व फ्रँकलिन एजर्टन या अमेरिकन पंडिताने संपादिले. त्यांत असे दिसून आले की वस्त्रहरणाच्या वेळी द्रौपदीने श्रीकृष्णाचा धावा केल्याचा भाग जुन्या संहितेत टिकत नाही. तो मागाहून आलेला आहे. वस्त्रे निघत जातात, एवढेच मूळ संहिता सांगते; कोणी पुरवली हे सांगत नाही. आपल्या आजी-मावश्यांनी सांगितलेली श्रीकृष्णाच्या बोटाला बांधलेल्या चिंधीची गोष्ट तर आणखीच निराळी. ती गोष्ट मला अतिशय प्रिय आहे आणि ती कोणी सोडावी असे मी म्हणणार नाही. परंतु देव धावून आला की सभेतल्या माणसांची सुटका होते, हेही खरे. देवाने केले ना, मग आमचे काय राहिले? चिकित्सक आवृत्तीतली सभा म्हणूनच अधिक उघडी वाटते. तिथे वस्त्राचा चमत्कार झाल्यानंतरही प्रश्न तसाच उभा आहे आणि विदुर तोच पुन्हा विचारतो आहे.

इरावतीबाई कर्व्यांनी ‘युगान्त’मध्ये द्रौपदीच्या या प्रश्नावर कठोर निर्णय दिला आहे. त्यांच्या मते अशा प्रसंगी कायद्याचा कीस काढण्यात द्रौपदी चुकली. क्षत्रियांच्या मर्यादेला आवाहन करून तिने करुणेची मागणी करावयास हवी होती. इरावतीबाईंचा अधिकार मोठा. १९६७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या पुस्तकाने आपल्या दोन पिढ्यांना महाभारत माणसांचे म्हणून वाचायला शिकवले, आणि मी त्याचा ऋणी आहे. तरीही येथे मला त्यांचे म्हणणे पटत नाही. करुणेची याचना केली असती तर कदाचित कोणाला दया आली असती आणि प्रकरण तेथेच मिटले असते. परंतु मग भीष्मांना, द्रोणांना, कृपांना काही बोलावे लागले नसते. प्रश्नामुळे त्यांना बोलावे लागले, किंवा न बोलल्याचे नोंदले गेले. दयेच्या अर्जाची नोंद राहत नाही, प्रश्नाची राहते. आणि पुढे कोल्हेकुईने घाबरलेला धृतराष्ट्र वर देऊ लागतो तेव्हा द्रौपदी काय मागते? पहिल्या वराने युधिष्ठिराची मुक्तता, दुसऱ्याने बाकीच्या चौघांची रथ-शस्त्रांसह. तिसरा वर ती नाकारते. मागणारी स्त्री अशी नसते.

आता तेरा वर्षे ओलांडून भीष्मपर्वात येऊ. आपल्यापैकी अनेकांच्या घरी गीता नित्य वाचली जाते. अठरावा अध्याय संपला की पोथी मिटायची आणि नमस्कार करायचा. पोथी स्वतंत्र छापलेली असते, त्यामुळे दुसरे काही करता येतही नाही. पण महाभारतात गीता संपते तेथे पान संपत नाही. लगेच पुढच्या अध्यायात, शंखध्वनी होऊन बाण सुटणार इतक्यात, युधिष्ठिर कवच उतरवतो, शस्त्र खाली ठेवतो, रथातून उतरतो आणि हात जोडून पायी शत्रुसैन्याकडे चालू लागतो. भाऊ गोंधळून मागे धावतात. समोरचे सैनिक म्हणतात, भ्याला, शरण येतो आहे. तो थेट भीष्मांपाशी जातो, पाय धरतो आणि तुमच्याशी लढण्याची अनुज्ञा द्या म्हणतो. आणि येथे भीष्म ती गोष्ट बोलतात. माणूस धनाचा दास आहे, धन कोणाचे दास नाही, कौरवांनी मला धनाने बांधले आहे. म्हणून पौरुष नसलेल्या माणसासारखे हे मी तुला सांगतो आहे.

युधिष्ठिर तेथून द्रोणांकडे जातो. द्रोण तेच म्हणतात. तो कृपांकडे जातो. कृपही तेच म्हणतात. मग शल्याकडे, त्याचेही उत्तर त्याच अर्थाचे. एकच वाक्य पुन्हा पुन्हा वाचताना घाईचा वाचक पाने उलटतो. मौखिक काव्याची ती रीतच, असे म्हणून पुढे जातो. मीही कित्येकदा तसाच गेलो. पण त्या पुनरुक्तीतच सर्व काही आहे. एका माणसाने म्हटले तर ती शोकांतिका. चौघांनी त्याच शब्दांत म्हटले की तो सेवाशर्तींचा भाग वाटू लागतो. त्यातही चौघे सारखे नाहीत. भीष्म घरचे वडील, द्रोण आणि कृप पदरी असलेले आचार्य. शल्य तर मद्र देशाचा राजा, त्याला कोणाच्या पगाराची गरज नव्हती. तो भाच्यांच्या बाजूने लढायला निघाला होता. वाटेत मुक्कामोमुक्काम इतकी उत्तम विश्रामगृहे आणि सरबराई मिळाली की, ही व्यवस्था युधिष्ठिरानेच केली असे समजून तो प्रसन्न होऊन वर देऊन बसला, आणि पडद्यामागून दुर्योधन पुढे आला. दौऱ्यावर जाणाऱ्यांनी उद्योगपर्वातला हा भाग अवश्य वाचावा.

आणि मग, त्याच अध्यायात, चार थोरांची चार उत्तरे ऐकून झाल्यावर, युधिष्ठिर दोन्ही सैन्यांच्या मध्ये उभा राहून मोठ्याने विचारतो: आमच्या बाजूला येण्याची कोणाची इच्छा आहे काय? कौरवांच्या बाजूने एक जण पुढे येतो. तो युयुत्सु, धृतराष्ट्राचाच मुलगा, पण वैश्य स्त्रीच्या पोटचा. भीष्म बांधलेले, द्रोण बांधलेले, कृप बांधलेले, शल्य बांधलेला. आणि ज्याला त्या घरात सर्वांत कमी मान, तो चालत पलीकडे जातो. जाता येत होते, एवढे यावरून कळते. व्यास यावर एक शब्दही टीका करीत नाहीत. दोन गोष्टी शेजारी ठेवतात आणि पुढे युद्धाला हात घालतात. गीतेतला कर्मयोग जन्मभर तोंडपाठ म्हणणाऱ्या मला हा पुढचा अध्याय साठीनंतर सापडला.

येथे माझ्या स्वतःच्या एका कागदाविषयी लिहिणे भाग आहे. न लिहिले तर वरील सर्व विवेचन मी दुसऱ्यांना उद्देशून केले असे होईल. बऱ्याच वर्षांपूर्वी, नोकरीच्या निराळ्या ठिकाणी, एका तरुण भांडारपालावर तुटीचा ठपका आला. तूट तो रुजू होण्याच्या आधीपासूनची होती, हे मला जुनी नोंदवही पाहिल्यामुळे ठाऊक होते. प्रकरण माझ्यासमोर आले तेव्हा मी लिहिले की उपलब्ध अभिलेखांवरून जबाबदारी निश्चित करणे कठीण आहे, सक्षम अधिकाऱ्यांनी योग्य तो निर्णय घ्यावा. वाक्य खोटे नव्हते. ती जुनी वही कोणी अभिलेखात दाखल केलीच नव्हती. त्याच्या वेतनवाढी रोखल्या गेल्या. मुलांची शाळा, वरिष्ठांची मर्जी, बदलीची भीती, ही खरी कारणे मी पत्नीला सांगितली ती फार वर्षांनी, तेही विषय निघाला म्हणून. त्या भांडारपालाला ती कधीच सांगितली नाहीत.

महाकाव्याची सभा विशाल असते. कादंबरी तीच सभा घरात आणते. हरि नारायण आपट्यांच्या कादंबरीचे नावच पाहा: ‘पण लक्षांत कोण घेतो!’ वाचनाविषयीच्या लेखाला याहून नेमका आधार मिळणार नाही. १८९० मध्ये ‘करमणूक’ साप्ताहिक निघाले आणि त्यात ही कादंबरी प्रकरणाप्रकरणाने येऊ लागली. यमू स्वतःची कहाणी स्वतः सांगते. लहानपण, सासर, मुंबईचे थोडे सुखाचे दिवस, पतीचा मृत्यू, आणि मग सासरच्या घरात तिच्यावर लादलेले केशवपन. शंकरमामंजींचे ढोंग सर्व वाचकांच्या लक्षात राहते, जसा सभापर्वातला दुःशासन राहतो. परंतु ही कादंबरी सावकाश वाचली म्हणजे दिसते की घर माणसांनी भरलेले आहे. यमूला होणारा त्रास ठाऊक नाही असे त्यात फार थोडे. कोणी वडीलधारे म्हणून बोलत नाहीत, कोणी लहान म्हणून बोलू शकत नाहीत, कोणी हळहळतात आणि स्वयंपाकघरात परत जातात. यमू जे सांगते ते ऐकायला त्या घरात कोणाला सवड नाही, म्हणून ती आपल्याला सांगते. असे म्हटले तर चालेल की आपट्यांनी वाचकाला त्या घरातल्या एका पाटावर बसवले आहे.

साप्ताहिकातून येणाऱ्या कादंबरीचा आणखी एक गुण आपण आता विसरलो आहोत. पहिल्या वाचकांना ती एका बैठकीत संपवता येत नव्हती. एक प्रकरण वाचून आठवडाभर त्याच घरात, त्याच आई-बहिणींच्या आणि कदाचित एखाद्या सोवळ्या आत्याबाईच्या सहवासात वावरायचे, आणि मग पुढचा अंक. पुस्तक संपवण्याची आजची घाई त्या वाचकांना परवडणारी नव्हती. आणि त्याच १८९० साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने नाभिकांनी सभा भरवून ठराव केला की आम्ही विधवांचे केशवपन करणार नाही. प्रातिकामी अडखळला. हे लोक अडखळले नाहीत, त्यांनी वस्तरा खाली ठेवला. शास्त्रार्थ करणारे पंडित एकीकडे चर्चा करीत असता उत्तर आले ते ज्यांच्या हातून ते काम करवून घेतले जात होते त्यांच्याकडून. यमूची कहाणी आणि ही सभा एकत्र वाचली पाहिजे, असे मला अलीकडे वाटू लागले आहे. वाङ्मयाचे इतिहासकार एक वाचतात, समाजाचे इतिहासकार दुसरे.

विश्राम बेडेकरांच्या ‘रणांगण’विषयी (१९३९) येथे थोडेच लिहितो, कारण तिच्यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. चक्रधराला भीष्मासारखी प्रतिज्ञा नाही, द्रोणासारखे अन्न खाल्लेले नाही, शंकरमामंजींचे घर नाही. बोटीवर तो आणि जर्मनीतून हाकलली गेलेली ज्यू तरुणी हॅर्टा, दोघेही मोकळे. तरी मुंबई आली की तो उतरतो, बोट तिला घेऊन पुढे जाते, आणि ती आपले आयुष्य संपवते. बांधून ठेवणारे काही नसतानाही माणूस जागचा हलत नाही, हे आपल्या वाङ्मयात इतक्या थोडक्यात क्वचितच कोणी सांगितले असेल. भीष्मपर्व वाचून धनाला दोष देणाऱ्याने नंतर ‘रणांगण’ वाचावे.

हे सर्व रायपुरात बसून लिहिताना एका माणसाची आठवण अपरिहार्य आहे. माधवराव सप्रे यांचा जन्म १८७१ चा, दमोह जिल्ह्यातल्या पथरियाचा; मातृभाषा मराठी, आणि लेखन आयुष्यभर हिंदीत. १९०० मध्ये त्यांनी पेंड्राहून ‘छत्तीसगढ मित्र’ काढले. त्यात रायपूरचे वामन बळीराम लाखे त्यांच्या सोबत होते. १९०७ मध्ये नागपुरात ‘हिंदी केसरी’ सुरू केला. १९०८ च्या जुलैत टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली. ऑगस्टमध्ये सप्रे पकडले गेले, आणि घरच्या माणसांच्या आग्रहाखातर त्यांनी माफीपत्रावर सही केली व ते सुटले. पुढे काही काळ ते लोकांपासून दूर राहिले, समर्थांच्या वाङ्मयाच्या अभ्यासात त्यांनी स्वतःला बुडवून घेतले, आणि ‘दासबोध’ हिंदीत आणला. मग टिळकांचे ‘गीतारहस्य’ १९१५ मध्ये प्रसिद्ध झाले, मंडालेच्या तुरुंगात लिहिलेले. त्याचा हिंदी अनुवाद केला सप्र्यांनीच.

त्या अनुवादाची पाने लिहिताना त्यांच्या मनात काय चालले असेल याची कल्पना मी रंगवणार नाही; तो कादंबरीकाराचा प्रांत आहे. परंतु वस्तुस्थिती तेवढीच पुरेशी बोलकी आहे. ज्याने सही केली, त्याने सही न करणाऱ्याचे, तुरुंगात लिहिलेले, कर्तव्याविषयीचे पुस्तक शब्द शब्द तोलून दुसऱ्या भाषेत नेले. अनुवादकाइतका लक्षपूर्वक वाचणारा दुसरा कोणी नसतो; त्याला एकही वाक्य गाळून पुढे जाता येत नाही. आणि सप्रे गीतेपाशी थांबले नाहीत. चिंतामण विनायक वैद्यांचा ‘महाभारताचा उपसंहार’ हा मराठी ग्रंथ त्यांनी ‘महाभारत मीमांसा’ या नावाने हिंदीत आणला. म्हणजे पोथी मिटून नमस्कार न करता पुढचे पान उलटणाऱ्यांतले ते होते. १९२६ मध्ये रायपुरातच त्यांचे निधन झाले. त्यांच्या नावाची शाळा येथे आहे. तिच्यावरून जाताना आमच्यापैकी किती जणांना ‘महाभारत मीमांसा’ आठवते, हे मी विचारत नाही, कारण मलाही ती याच वर्षी आठवली.

पुढच्या बैठकीत मी ती चूक सांगितली. आमचे वयोवृद्ध स्नेही क्षणभर गप्प झाले, मग म्हणाले, “म्हणजे तेव्हा काहीच नाही बोलले?” मी म्हटले, बोलले, धर्म सूक्ष्म आहे म्हणाले. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि वाचन पुढे चालू करायला सांगितले. त्या दिवशी विकर्णाचे भाषण पुन्हा एकदा वाचले गेले आणि एका तरुण अधिकाऱ्याने विचारले, या विकर्णाचे पुढे काय झाले? आम्हां जुन्यांपैकी कोणालाच सांगता येईना. शोधले तेव्हा सापडले: सभेत एकटा बोललेला हा मुलगा शेवटपर्यंत दुर्योधनाच्याच बाजूला राहिला. विराटाच्या गायी पळवायला गेला, कुरुक्षेत्रावर लढला, आणि द्रोणपर्वात भीमाच्या हातून मेला. शंभरांना मारण्याची आपली प्रतिज्ञा होती म्हणून मारावे लागले, असे म्हणत भीमाने त्याच्यासाठी शोक केला. उलट युयुत्सु पलीकडे गेला. धृतराष्ट्राच्या मुलांपैकी तोच जिवंत राहिला, आणि पांडव महाप्रस्थानाला निघाले तेव्हा राज्याची देखरेख त्याच्यावर सोपवून निघाले. सभेत द्रौपदीसाठी मात्र तो बोलल्याचे मला कोठे आढळले नाही. या दोघांत अधिक काय मोजावे, यावर शंकर नगरात त्या रात्री अकरा वाजेपर्यंत वाद चालला आणि मिटला नाही. तरुण अधिकारी विकर्णाच्या बाजूने होते; मी कोणत्या बाजूने होतो, हे घरी जाईपर्यंत मलाच ठरवता आले नाही. अद्याप वनपर्वसुद्धा सुरू व्हायचे आहे.